उजवी गेली, डावी आहे

धाकटीला दिवस गेलेत हे मला चादरींच्या घड्या घालताना कळलं. घरच्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. मोठ्या रोलरमधून चादर दाबून, वाळून, गरमागरम बाहेर पडते आणि दोन बायका तिची दोन-दोन टोकं धरतात. आधी लांबीला दुमडायची, झटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत यायचं. एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, खाली वाकून लोंबती घडी उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. दिवसभर हेच. जोडीदारणीशी कितीही भांडण झालेलं असो, मिनिटा-मिनिटाला तिच्या नाकासमोर जाऊन उभं राहावंच लागतं. त्यामुळे आमच्याकडे अबोला फार टिकत नाही.

धाकटी माझी सख्खी बहीण आणि घडीची जोडीदारीण. ती कामाला लागली तेव्हापासून वाकायचं काम तिचं. "तुझी कंबर म्हातारी झाली, ताई," म्हणून मला चिडवायचीसुद्धा. आणि आता गेले काही दिवस ही बया टोकं देण्याऐवजी घ्यायलाच हात पुढे करत होती. वाकत होते मी. पहिल्या दिवशी वाटलं, आळस. दुसऱ्या दिवशी वाटलं, नवऱ्याशी वाजलं असेल. मग एकदा मी मुद्दाम माझी टोकं घट्ट धरून ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. ती वाकेना. रोलरमधून पुढची चादर यायला लागली, जमिनीवर पडायची वेळ आली, तरी ती वाकेना. तिचे कान मात्र लाल झाले. लहानपणी माझी पेन्सिल चोरली की असेच व्हायचे.

"किती महिने?" मी विचारलं.

"कसले?"

"चादरीचे," मी म्हणाले आणि वाकले.

मला आनंद झाला असं म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं. पण झाला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला दिवस गेले म्हणून झालाच, पण सगळ्या जगाला ठाऊक असताना मला एकटीला वेड्यात काढलं म्हणून जास्त झाला.

त्याच्या आधी, आठेक महिन्यांपूर्वी मलाही दिवस गेले होते. पण माझा गर्भ पिशवीपर्यंत पोचलाच नाही. उजव्या नळीत अडकला आणि तिथेच वाढायला लागला. मला काय माहीत? माझा खांदा दुखत होता. आणि आमच्या लाँड्रीत खांदा दुखत नाही अशी एक बाई दाखवा. इथे कामावर आल्या आल्या बायका 'कशी आहेस' न विचारता 'कुठला दुखतोय' विचारतात. मी मलम लावून काम करत राहिले. धाकटीने दोन दिवस चोळून दिला, मला बरंही वाटलं. तिसऱ्या दिवशी रोलरच्या समोर मी चादरीसकट खाली बसले ती उठलेच नाही. नळी फुटली होती आणि पोटात रक्त साचलं होतं. असं रक्त साचलं की दुखणं कधी कधी खांद्यात जाणवतं, हे मला ऑपरेशन झाल्यावर कळलं. वेळेवर लक्षात आलं असतं तर कदाचित औषधावर भागलं असतं आणि नळी वाचली असती, हेही तेव्हाच कळलं.

माझं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलतात. त्यांनी कागदावर पिशवी काढली, तिच्या दोन्ही अंगांना दोन नळ्या काढल्या आणि एकीवर काट मारली.

"उजवी गेली, डावी आहे," त्या म्हणाल्या. "एका नळीवरही दिवस राहतात. कधी कधी उजवीकडचं बीजसुद्धा डावी नळी उचलून घेते. दोन-तीन पाळ्या जाऊ द्या. मग डाव्या नळीत रंग सोडून एक्स-रेवर बघू. मोकळी असेल तर काही महिने तुमचं तुम्ही प्रयत्न करा. बंद असेल तर नळीचा नाद सोडायचा. बीज बाहेर काढून, फलित करून थेट पिशवीत ठेवता येतं."

"टेस्ट ट्यूब," माझा नवरा म्हणाला.

"तेच. आणि यापुढे दिवस कसेही राहोत, पाळी चुकल्याबरोबर माझ्याकडे यायचं. एकदा नळीत अडकलं की पुन्हा अडकण्याचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो."

नवरा वायरमन आहे. घरी येताना म्हणाला, "एक फेज गेली तरी घरात दिवे लागतात." मला धीर देत होता बिचारा. मी मात्र डॉक्टरीणबाईंच्या शेवटच्या वाक्याची धास्ती घेऊन बसले. तपासणीची तारीख दोनदा मिळाली, दोनदा मी चुकवली. एकदा खोकला झाला म्हणून सांगितलं, एकदा कामावर सुट्टी मिळत नाही म्हणून. खरं कारण असं की जोवर कुणी बघितलं नव्हतं तोवर माझी डावी नळी मोकळी होती. आणि मोकळी आहे असं मानायचं तर नवऱ्याला जवळ येऊ द्यायला हवं होतं, तेही देत नव्हते. पुन्हा अडकलं म्हणजे? मला मूल हवं होतं, त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, आणि ते होण्याचा प्रत्येक रस्ता मी स्वतःच अडवून धरला होता.

आणि इकडे धाकटी. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. खोलीला कुठला रंग द्यायचा यावर नवरा-बायकोचं एकमत होत नव्हतं, आणि हे मात्र झालं.

त्या संध्याकाळी मी तडक आईकडे गेले. आई वाटाणे सोलत बसली होती.

"धाकटीचं मला कधी सांगणार होतीस?"

आईने मान वर केली नाही. "तीन महिने झाले की सांगणारच होतो."

"अजून कुणाकुणाला माहीत आहे?"

"घरातल्या घरातच. तिच्या नवऱ्याला, सासूला."

"आणि?"

"रोलरवरच्या काकूंना सांगावं लागलं. तिला सकाळी मळमळतं, मध्येच बाहेर जावं लागतं."

"आणि?"

आईने दोन-तीन शेंगा सोलल्या. "तुझ्या नवऱ्याला. तुला कसं सांगायचं ते विचारायला. तो म्हणाला, इतक्यात नका सांगू."

म्हणजे माझा नवरा रोज माझ्या शेजारी बसून जेवत होता आणि मूग गिळून गप्प होता. त्याचा समाचार नंतर घ्यायचा असं मी ठरवलं.

"तुला त्रास होऊ नये म्हणूनच," आई म्हणाली.

"तेवढंच कारण?"

"तेवढंच."

"आई."

"माणसाचं मन आहे गं," आई हळूच म्हणाली. "आपल्याला नको असतं तरी येतो एखादा विचार मनात."

"माझी नजर लागेल अशी भीती वाटली तुला."

"मी तुझीही आईच आहे," ती म्हणाली आणि सोलत राहिली. नाही म्हणाली नाही.

मला रडू आलं नाही. इतका राग आला की समोरचे सोललेले वाटाणे मी मूठभर उचलले आणि कच्चेच खाल्ले.

त्यानंतर धाकटीने लपवणं सोडलं आणि माझं आणखी कठीण झालं. आधी निदान ती चोरून मळमळत होती, आता उघड मळमळायला लागली. चादर अर्धी दुमडलेली असताना तोंडावर हात ठेवून पळायची, आणि मी दोन्ही हातांत चार टोकं घेऊन उभी. लोकांना दुसऱ्याच्या घराचा, दागिन्यांचा हेवा वाटतो. मला तिच्या ओकाऱ्यांचा वाटला. परत आल्यावर तिचा चेहरा ओला असायचा, काकू तिला पाणी द्यायच्या, कुणीतरी स्टूल सरकवायचं. मला दिवस गेले होते तेव्हा मला काहीच झालं नव्हतं, नुसता खांदा दुखला होता आणि मलम मिळालं होतं. ती डोळे मिटून घोट-घोट पाणी प्यायची ते मी बघत बसायचे आणि आतल्या आत जळायचे. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिला चालायला मी शिकवलं, घडी घालायला मी शिकवलं. माझ्याआधी तिने फक्त हे एकच केलं, आणि नेमकं हेच केलं.

मग एक दिवस चहाच्या सुट्टीत ती डाव्या हाताने उजवा खांदा दाबताना दिसली.

"काय झालं?"

"काही नाही. खांदा. चादरींनी अवघडलाय."

"कधीपासून?"

"परवापासून असेल." तिने मान वाकडी करून बघितली. "पोटातही जरा ओढल्यासारखं होतंय, पण ते होतंच म्हणतात."

"सोनोग्राफी झाली?"

"पुढच्या आठवड्यात आहे."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. मी घाबरले, हे खरं आहे. आणि त्याच वेळी, मागे नाही की पुढे नाही, अगदी त्याच वेळी मनात आलं, आता हिलाही कळेल. कशाचीही कसर न राहता कळेल. दोन्ही एकदम आलं आणि एकातून दुसरं वेगळं काढायला मला वेळ नव्हता. मी तिचं मनगट धरलं आणि उठवलं.

"चल."

"कुठे?"

"दवाखान्यात. बोलू नकोस, चाल."

दारात सुपरवायझर उभे होते. त्यांच्या शर्टाला कायम कडक खळ असते, म्हणून आम्ही त्यांना कांजीसाहेब म्हणतो. "हॉटेलची गाडी येऊन उभी राहील," ते म्हणाले. "दोघी गेलात तर घड्या कोण घालणार?"

"तुम्ही घाला. तुम्हाला एवढीही घडी मोडलेली चालत नाही," मी म्हणाले.

वाटेत धाकटीची पाचावर धारण बसली. "ताई, मला घाबरवू नकोस. नुसता खांदा आहे गं. आपल्या सगळ्यांचाच दुखतो."

"माझाही नुसता खांदाच होता," मी म्हणाले. मग ती रडायला लागली आणि मी तिला रडू दिलं.

डॉक्टरीणबाई त्याच. त्यांनी मला ओळखलं, धाकटीला लगेच आत घेतलं, मलाही येऊ दिलं. खोलीत अंधूक उजेड होता. खिडकीच्या पडद्याचा कोपरा सुटला होता, तो नर्सने पिनेने अडकवला. धाकटी आडवी झाली. मी तिच्या पायांशी उभी राहिले. मशीनच्या पडद्यावरचं मला काही कळत नाही, म्हणून मी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघत होते. वाईट सांगायचं असलं की त्या आधी खालचा ओठ दातांखाली घेतात, ते मला माहीत होतं.

त्यांनी ओठ घेतला नाही.

"पिशवीतच आहे," त्या म्हणाल्या. "अगदी जागेवर. हे बघा, ठोके दिसतायत."

एक तांदळाएवढं काहीतरी लुकलुकत होतं. मी बघितलं. आणि मान वळवली तर धाकटी पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडावर जे काही होतं ते पुसायला मला वेळ मिळाला नाही. मला सुटल्यासारखंही वाटलं, खरंच वाटलं, पण ते एका श्वासाने उशिरा वाटलं. आधी वाटलं ते वेगळं होतं. शर्यतीत शेवटच्या क्षणी कुणीतरी पुढे निघून जावं तसं.

"खांदा घड्यांमुळेच दुखतोय," डॉक्टरीणबाई हात धुताना म्हणाल्या. "काही दिवस बसून काम करा. पण आणलंत ते उत्तम केलंत. बहीण असावी तर अशी." मग माझ्याकडे वळल्या. "तुमची डावी नळी बघायची राहिली आहे."

"हो," मी म्हणाले.

बसस्टॉपवर दोघी उभ्या होतो. बस येत नव्हती.

"तुला वाईट वाटलं," धाकटी म्हणाली.

"घाबरले होते मी."

"आधी घाबरली होतीस. त्यांनी सांगितल्यावर वाईट वाटलं. मी बघितलं, ताई."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण लहानपणापासून ती माझ्या तोंडावरचं सगळं वाचत आलीय, तिथे माझं खोटं कधी चाललेलं नाही. मी बस कुठल्या बाजूने येते ते बघत राहिले. बस आली तेव्हा ती पुढच्या दाराने चढली आणि मी मागच्या.

दुसऱ्या दिवशी तिने कांजीसाहेबांकडून काम बदलून घेतलं. तिला उशांच्या अभ्र्यांच्या टेबलावर बसवलं. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. चार बायका बसून अभ्रे उलटे-सुलटे करतात, गप्पा मारतात. मला नवी जोडीदारीण मिळाली, तिला सगळे शिडी म्हणतात. शिडी इतकी उंच की तिच्या बाजूची टोकं कायम हवेत, आणि आमच्या घड्या तिरक्या व्हायच्या. तिकडून अभ्र्यांच्या टेबलावरून हसू ऐकू आलं की मी रोलरच्या आवाजात काय बोलतायत ते ऐकायला धडपडायचे. आता मला त्या चार बायकांचाही हेवा वाटायला लागला होता. माझी बहीण त्यांच्याशी बोलत होती.

घरी वेगळीच तऱ्हा. आई येईल-जाईल त्याला सांगत होती, "मोठीने वेळ न घालवता उचलून नेलं हो तिला. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून." तिला बहुतेक वाटाण्यांच्या दिवसाची भरपाई करायची होती. धाकटीने घरी तोंडाला कुलूप लावलं होतं, काहीही सांगितलं नव्हतं, आणि माझं कौतुक मुकाट्याने ऐकून घेत होती. ती सांगून मोकळी झाली असती तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी मी तपासणीची तारीख घेतली. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. तिचं सगळं जागेवर आहे हे मला पडद्यावर बघायला लावलं होतं, मग माझं काय आहे ते तरी मला माहीत असायला हवं, या चिडीने घेतली.

तपासणीला पाळीसारख्या कळा येतात असं सांगितलं होतं, पाळीपेक्षा जोरात आल्या. पडद्यावर आधी पिशवी पांढरी झाली. मग डाव्या बाजूला दोऱ्यासारखी एक रेघ निघाली आणि थोडं पुढे जाऊन थांबली. डॉक्टरीणबाईंनी आणखी थोडा रंग सोडला. रेघ होती तिथेच राहिली.

"जरा वेळ थांबून बघा," मी म्हणाले.

त्या थांबल्या. त्यांना गरज नव्हती, माझ्यासाठी थांबल्या. मग त्यांनी खालचा ओठ दातांखाली घेतला.

नंतर नवऱ्याला आत बोलावून त्यांनी दोघांनाही समजावलं. नळी मधेच बंद होती. फुगलेली नव्हती, पाणी साचलेलं नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं, नाहीतर आधी तीही काढावी लागली असती. ऑपरेशन करून उघडायचा प्रयत्न करता येतो, पण उघडेलच असं नाही, आणि उघडली तरी पुन्हा गर्भ तिथेच अडकायची भीती. दुसरा रस्ता टेस्ट ट्यूबचा, त्यात नळीचं काही कामच नाही. तोही पहिल्या फटक्यात यशस्वी होईल असं कुणी लिहून देत नाही. "आणि काहीच न करणं हाही एक निर्णय असतो," त्या म्हणाल्या. "विचार करून या."

बाहेर बाकावर बसलो. नवरा आपले बूट बघत होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "इतके महिने मी उगाचच भिंतीकडे तोंड करून झोपलो."

मी हसले. दवाखान्याच्या बाकावर, लोकांसमोर, पोटात कळा येत असताना हसले, आणि हसता हसता जे रडायला लागले ते आवरेना. ज्या नळीला मी तळहातावरच्या फोडासारखं जपत होते, जिच्या भीतीने नवऱ्याला लांब ठेवलं, ती कदाचित कधीचीच बंद होती. मला तिचा राग आला. स्वतःच्या एका अवयवाचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"लाइनच बंद आहे तर बाहेरून जोडणी घेऊ," नवरा म्हणाला. "तुला हवं असेल तर. नको असेल तरी माझं काही म्हणणं नाही."

"मला हवंय," मी म्हणाले. धाकटीला आहे म्हणून हवंय का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला. थोडं तेही होतं. पण ते काढून टाकलं तरी बाकी पुष्कळ उरत होतं.

पुढच्या पाळीला सुरुवात करायची ठरली. दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी ठरल्या वेळी पोटावर इंजेक्शन. मी कामावरून सुटते तोवर दवाखाना बंद होतो, म्हणून नर्स म्हणाली, घरात कुणालातरी शिकवते. नवरा पुढे झाला. चालू तारांना हात घालणारा माणूस, पण नर्सने स्पंजच्या तुकड्यात सुई टोचून दाखवली तेव्हा तो पांढराफटक पडून जमिनीवरच बसला. मग मी स्वतः करून बघितलं. चिमटीत कातडी धरली, सुई जवळ नेली आणि हात पुढे जाईना. रोज रोलरच्या तोंडातून गरम चादर ओढणारा हात. आईला जवळचं दिसत नाही. काकूंना विचारलं तर लाँड्रीभर दवंडी पिटली जाईल.

सुई कुणाला द्यायची हे मला पहिल्यापासून माहीत होतं. धाकटी तिच्या सासूला साखरेचं इंजेक्शन रोज देते, बोलता बोलता देते. सासूला कळतसुद्धा नाही.

दोन दिवस मी मनाची तयारी केली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अभ्र्यांच्या टेबलापाशी गेले. बाकीच्या बायका डबे घेऊन अंगणात गेल्या होत्या. धाकटी एकटीच बसली होती, खुर्ची जरा मागे सरकवून, कारण आता पोट दिसायला लागलं होतं. मला बघून तिने अभ्र्यांचा गठ्ठा मांडीवर ओढून घेतला.

"नळी बंद निघाली," मी म्हणाले.

"आईने सांगितलं."

"टेस्ट ट्यूब करायचं ठरवलंय."

"तेही सांगितलं."

"इंजेक्शनं आहेत. पोटात. रोज संध्याकाळी."

"भावोजी देतील ना?"

"ते जमिनीवर बसले."

तिला हसू आलं. मग आठवलं असावं की आपण बोलत नाही, आणि तिने ते आवरलं. "मग नर्स बघ एखादी."

"तू देशील?"

तिने एक अभ्रा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हे पोट घेऊन मी रोज तुझ्यासमोर येऊन बसू? तुला बघवेल?"

"नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघायला लागली.

"त्या दिवशी तुला बरोबर दिसलं," मी म्हणाले. "एक क्षण मला तसं वाटलं. मी ते ठरवून वाटून घेतलं नव्हतं, पण वाटलं. आत्ताही तुझ्याकडे बघितलं की जळते मी. रोज जळेन. आणि माझं झालं नाही आणि तुझं नीट पार पडलं, तर मी महिनाभर तुझ्या दारात फिरकणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"आणि तरी मीच देऊ?"

"तूच दे."

"का पण? माझंच काय अडलंय?"

"दुसऱ्या कुणासमोर मला खोटं हसावं लागेल."

रोलर बंद होता, त्यामुळे अंगणातल्या बायकांचं बोलणं आत ऐकू येत होतं. तिने मांडीवरचा गठ्ठा उचलून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत नीट बसली. पोट पुढे आलं होतं, चांगलंच. मी बघितलं आणि मला जे व्हायचं ते झालं.

"मला तुझा राग आहे अजून," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"रागात सुई जोरात बसते."

"बसू दे," मी म्हणाले.